पाचांहून कमी

महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारी सकाळी साडेनऊला गजभिये साहेब जांडल्स काढून बूट घालत. जांडल्स म्हणजे आपल्या रबरी चपला. त्या वर्षभर त्यांच्या टेबलाखाली असत. बुटांच्या नाड्या बांधून झाल्या की ते तक्ता हातात घेऊन उभे राहत आणि मोठ्यानं वाचत. एकेका तुरुंगाचं नाव, मग शिक्षा झालेले पुरुष, कच्चे कैदी पुरुष, शिक्षा झालेल्या बायका, कच्च्या कैदी बायका, शेवटी बेरीज. ऐकायला कुणी नसे. आम्ही ऑफिसात मोजून सहा माणसं, त्यातल्या चौघांच्या कानात हेडफोन.

मी नवा होतो तेव्हा विचारलं, हे मोठ्यानं कशाला वाचायचं?

"डोळ्याले सवय होते न जी," ते म्हणाले. "कानाले होत नाही. चूक आकडा कानाले टोचते."

त्यांच्याबद्दल लिही म्हणून इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी दोनदा निरोप आला. मी टाळत आलो. साहेब गेले त्याला आता आठ महिने झाले. टाळायचं कारण त्यांच्यात नव्हतं, माझ्यात होतं. ते पुढे येईलच. आधी माणूस सांगतो.

वेलिंग्टनमधली आमची संस्था लहान, तिचं नाव लिहीत नाही. काम एवढंच की देशातल्या तुरुंगांत आज किती माणसं आहेत, कुठे आहेत, त्यांतली किती खटल्याची वाट बघत आहेत, हे दर महिन्याला सगळ्यांना दिसेल असं मांडायचं. वकील ते वापरत, वर्तमानपत्रं वापरत, विद्यार्थी वापरत. सरकारचे आकडे असतातच, पण आमचे लवकर येत आणि तुरुंगातल्या एकेका युनिटपर्यंत, म्हणजे विभागापर्यंत, जात. हा तक्ता गजभिये साहेब बारा वर्षं हातानं करत होते.

मूळचे नागपूरचे. वहिनी नर्स, त्यांच्या कामाच्या व्हिसावर हे दोघं इथे आले तेव्हा साहेबांची चाळिशी उलटली होती. आधी सुपरमार्केटात रात्री शेल्फं भरली, मग आमच्या संस्थेत डेटा भरायला तीन महिन्यांसाठी आले आणि राहिले. ऑफिसात त्यांना 'जीबी' म्हणत. ग्रेग, आमचा मॅनेजर, नवीन माणसाला ओळख करून देताना म्हणायचा, "हा जीबी. आमची मेमरी." साहेब प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे.

डबा थंडच खायचे. झुणका, भात, कधी वांग्याची भाजी. मायक्रोवेव्ह होता, पण, "गरम केलं तर चौथ्या मजल्याले कळते गजभियेनं आज काय आणलं ते. कशाले उगीच." मी आपटे, पुण्याचा, माझ्या डब्यात पोळी-भाजी असायची आणि मी ती बिनधास्त गरम करायचो. त्या वेळी हा फरक माझ्या लक्षात आला नाही. आता येतो.

तक्त्यासाठी ते प्रत्येक तुरुंगाला स्वतः फोन करत. कागद तर ईमेलनं येतच असत, पण त्यांना आवाज लागे. सुरुवात इथल्या माओरी नमस्कारानं. "किया ओरा मॅडम, जीबी बोलतोय. आज माझ्यासाठी किती माणसं आहेत?" समोरच्या कारकून बायका त्यांना आवाजावरून ओळखत, मुलांच्या परीक्षांचं सांगत, हवेचं सांगत. एकदा एका नव्या मुलीनं सांगितलं, "अबाउट टू हंड्रेड." साहेब म्हणाले, "मॅडम, मी बटाटे घेत नाहीये. तुम्ही मोजून या, मी फोन धरून ठेवतो." आणि खरोखर अकरा मिनिटं फोन कानाला लावून बसले. ती मोजून आली. पुढे ती त्यांना ख्रिसमसला कार्ड पाठवायची.

कैदी हा शब्द ते फक्त तक्त्याच्या रकान्यात लिहीत. बोलताना 'मंडळी'. "ख्राइस्टचर्चकडची मंडळी वाढली या महिन्यात." ऐकणाऱ्याला वाटावं लग्नाला आली आहेत.

हे मोजण्याचं वेड कुठून आलं ते एकदा त्यांनी सांगितलं. आम्ही दोघं बंदरावरच्या बाकावर डबा खात होतो, वारा असा की भाताची शितं उडत होती. विशी-पंचविशीत ते रोजगार हमीच्या कामावर मस्टर कारकून होते. रस्त्याची खडी फोडायला आलेल्या मजुरांची रोज हजेरी घ्यायची.

"खोटी नावं फार," ते म्हणाले. "मेलेल्याचा अंगठा, मुंबईले गेलेल्याचा अंगठा. मी जिथं तिथं नावं कापत गेलो. तीन वर्षांत चार बदल्या झाल्या माझ्या."

"म्हणजे हिरो होतात."

"ऐका न पुढचं. एक दिवस एका बाईचं नाव पुकारलं, उत्तर नाही. म्हटलं, ही पण बोगस. कापलं. ती बाई झाडामागं लेकराले पाजत होती. संध्याकाळी आली त् तिचा दिवस गेला होता."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मस्टर उघडलं, तिचं नाव पुन्हा लिहिलं, बाजूले लिहिलं की चूक माझी, आणि सही केली. इंजिनीअर म्हणे, गुपचूप लिहायचं न, कशाले तमाशा. मी म्हटलं, कापलं तं सगळ्यांसमोर होतं."

एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाले, चला, वारा जेवू देणार नाही आज.

मी रुजू होऊन दोनच महिने झाले असताना त्यांनी एका शनिवारी मला पोरिरुआला बोलावून घेतलं. ते तिथेच राहत. स्टेशनच्या मागच्या पार्किंगमध्ये एक पांढरी जुनी व्हॅन उभी होती आणि तिच्याजवळ साठीची एक माओरी बाई, अरोहा. सगळे तिला फाएआ अरोहा म्हणत. फाएआ म्हणजे आई, मावशी, जे मानाल ते. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेली. आता दर शनिवारी तुरुंगातल्या माणसांच्या घरच्यांना भेटीला नेणं आणि परत आणणं एवढंच करायची. गाडी नसलेल्या म्हाताऱ्या, पोरंबाळं, एखादी पोटुशी मुलगी.

"हा आपटे," साहेबांनी सांगितलं. "आमचा कॉम्प्युटरवाला. तक्ता करणार तर एकदा पाहून येऊ दे."

अरोहानं मला आपादमस्तक पाहिलं. "गाडीत खाऊ खायचा नाही," ती म्हणाली. "आणि आतल्या माणसानं काय केलंय असं कुणाला विचारायचं नाही. स्वीट?" इथे स्वीट म्हणजे ठीक.

तीन तास जाणं, तीन तास येणं. साहेब मागच्या सीटवर एका लहान मुलाला बोटांवर पाढे शिकवत होते. तुरुंगाच्या आत आम्ही गेलो नाही, बाहेरच्या प्रतीक्षागृहात बसलो. परतताना अरोहा मला म्हणाली, कुठल्या फेरीला परवानगी मिळणार ते तुमच्या आकड्यांवर ठरतं, माहीत आहे ना? व्हॅनचा खर्च एक ट्रस्ट देत असे. ज्या युनिटमध्ये माणसं आहेत असं आमची फाइल सांगेल तिथलीच फेरी ते मंजूर करत. "पण जीबीचा आकडा आहे तोवर मला चिंता नाही," ती म्हणाली. "तो आकडा म्हणजे त्याचा शब्द."

साहेब खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ऐकलं, हे त्यांच्या मानेवरून कळलं. मला वाटतं, त्यांना आयुष्यात मिळालेलं ते सर्वांत मोठं सर्टिफिकेट होतं.

आता माझं.

मला घेतलं होतं तेच हा तक्ता आपोआप व्हावा म्हणून. मी प्रोग्रॅम लिहिला, चांगला लिहिला. साहेबांचं दोन दिवसांचं काम चार मिनिटांत. ते माझ्या मागे उभे राहून बघत आणि म्हणत, "वा. जबरदस्त करून राहिले तुम्ही." त्यात उपहास नव्हता.

एक नियम होता. कुठल्याही युनिटमध्ये एखाद्या गटातली माणसं पाचांहून कमी असतील तर नेमका आकडा छापायचा नाही, नाहीतर छोट्या गावात कोण आत आहे ते लगेच ओळखू येतं. साहेब अशा जागी अक्षरांत लिहीत: पाचांहून कमी. माझ्या रकान्यात ते मावत नव्हतं. मी तिथे आडवी रेघ टाकली. दिसायला नीटस झालं. पण लोक छापील तक्ता वाचत नसत, ते फाइल डाउनलोड करत. आणि ती फाइल बनवताना माझा प्रोग्रॅम रेघेला आकडा समजू शकत नव्हता, म्हणून तिथे शून्य लिहीत होता.

डोंगरापलीकडे एक लहान युनिट होतं. तिथे काही बायका होत्या, कच्च्या कैदी. किती, ते इथेही लिहीत नाही. तो नियम अजून आहे, आणि तो चांगला आहे. पाच महिने जगाच्या दृष्टीनं तिथे कुणीच नव्हतं.

पाचव्या महिन्यात अरोहाचा साहेबांना फोन आला. मी शेजारच्या टेबलावर होतो, तिचा आवाज मला ऐकू येत होता.

"जीबी, तिथली माझी फेरी कधीची बंद आहे, कारण त्यांनी आज सांगितलं. तुमची फाइल झीरो म्हणते. मी त्यातल्या एका मुलीच्या आईला ओळखते, माझ्या रस्त्यावर राहते ती. झीरो कसं?"

"झीरो नाही, मॅडम. तिथे रेघ आहे. रेघ म्हणजे थोडी माणसं."

"पैसेवाले रेघ वाचत नाहीत. झीरो वाचतात."

साहेबांनी फोन ठेवला, फाइल उघडली, बराच वेळ बघत राहिले. मग पेन्सिल घेऊन मागच्या पाच महिन्यांच्या ईमेलांवरून पाच-पाचाच्या खुणा करत बसले. दुपारी माझ्याजवळ आले.

"आपटे, बाया कमी होऊन राहिल्या."

मी म्हणालो, बघतो. दहा मिनिटांत मला कळलं. माझ्या कोडमधली एक ओळ होती. दहा मिनिटांत कळलं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. साहेबांना सांगितलं, "बघतोय अजून."

दीड महिन्यानं माझी नोकरी कायम करण्याची मीटिंग होती. माझा व्हिसा त्या नोकरीला बांधलेला होता, बायकोचा आणि मुलीचा माझ्या व्हिसाला. हे कारण म्हणून लिहीत नाही. तेव्हा मी ते स्वतःला कारण म्हणून सांगत होतो, एवढंच. मी ती ओळ बदलली, पुढच्या महिन्याची फाइल बरोबर येईल याची खात्री केली, आणि मागचे पाच महिने होते तसे ठेवले.

त्या मीटिंगच्या आठवडाभर आधी अरोहाचं पत्र आलं. ग्रेगनं ते सगळ्यांना एका खोलीत बोलावून वाचून दाखवलं. मोजकं पत्र होतं. एक आजी पाच महिने नातीला आईकडे नेऊ शकली नाही, कारण तुमच्या मते आई तिथे नव्हती. आता व्हॅन पुन्हा सुरू झाली. मागच्या शनिवारी ती पोर आईच्या मांडीवर रडत सुटली, परक्या बाईकडे दिल्यासारखी. शेवटची ओळ अशी होती: मला वाटत होतं जीबी खोटं सांगत नाही.

ग्रेगनं पत्र टेबलावर ठेवलं. त्याला वाईट वाटत होतं, दमलाही होता. वर्षभर तो संस्था कशीबशी चालवत होता. "फाइल कुणी पास केली होती?" त्यानं विचारलं.

फाइलच्या खाली बारा वर्षांपासून एकच ओळ छापलेली असे. संपर्क: एन. गजभिये. मी प्रोग्रॅम बदलला, ती ओळ बदलली नव्हती.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, एखाद-दोन सेकंद. मी माझ्या कपात बघत होतो. कपात काही नव्हतं.

"माझं नाव आहे तिथं," साहेब म्हणाले.

त्यांनी 'चूक माझी' असं म्हटलं नाही. मी हे पुष्कळदा घोळवलं आहे. ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त कागदावर जे होतं ते वाचलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली, माझ्यासाठी. मी ती भरली नाही.

एक गोष्ट आणखी सांगायला हवी, आणि ती लिहायला मला सर्वांत जड जाते. मी आपटे, ते गजभिये. ग्रेगला या दोन आडनावांतलं अंतर माहीत नव्हतं. आम्हा दोघांना होतं. माझी चूक त्यांच्या नावावर जाताना त्या खोलीत किती जुनं काहीतरी पुन्हा घडत होतं, ते फक्त आम्हा दोघांना कळत होतं, आणि त्यातला एक जण कपात बघत होता.

त्या खोलीतून बाहेर पडताना ते माझ्याशेजारून चालत होते. म्हणाले, "ते मागच्या पाच महिन्यांचं दुरुस्तीपत्रक तेवढं काढा. रेघ म्हणजे शून्य नव्हतं, एवढं लोकांले कळलं पाहिजे."

"काढतो," मी म्हणालो.

माझी नोकरी कायम झाली. साहेबांना जुनी कागदपत्रं स्कॅन करायला दिली, मागच्या खोलीत, आणि वर्ष संपलं तेव्हा त्यांचा करार वाढवला नाही. निरोपाला केक आणला होता. ग्रेग मनापासून बोलला. साहेबांनी सगळ्यांचे आभार मानले आणि जांडल्स एका पिशवीत घालून घेऊन गेले. दुरुस्तीपत्रक निघालं नाही. दुरुस्तीपत्रकात कारण लिहावं लागतं.

नंतरची चार वर्षं त्यांच्याबद्दल मला जे कळलं ते तुटक. बुद्धपौर्णिमेला ते दरवर्षी आम्हाला घरी खिरीला बोलावत. आम्ही पहिल्या वर्षी गेलो, नंतर मी कारणं सांगू लागलो. त्या पहिल्या वर्षी वहिनी स्वयंपाकघरात माझ्या बायकोला म्हणाल्या ते तिनं मला गाडीत सांगितलं. पोरिरुआच्या सुपरमार्केटात अरोहा दिसली तर ती ट्रॉली वळवून दुसऱ्या रांगेत जाते. साहेब घरी येऊन काही बोलत नाहीत. शनिवारी व्हॅन निघायच्या वेळेला ते पूर्वी स्टेशनवर जायचे, पोरांना बिस्किटं द्यायचे. आता त्या वेळी घरातले पडदे धुवायला काढतात.

"पडदे कशाला?" मी विचारलं होतं.

"काहीतरी करायला," बायको म्हणाली. तिला तेव्हा काही माहीत नव्हतं.

मागच्या वर्षी ग्रेग नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी मी आलो. त्यानंतर दोनेक महिन्यांनी वहिनींचा फोन आला. साहेबांच्या किडन्या गेल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. "येऊन जा एकदा," त्या म्हणाल्या. "ते बोलत नाहीत, पण येऊन जा."

शनिवारी सकाळी गेलो. हॉलमधल्या बुद्धमूर्तीपुढे ताजी फुलं होती. साहेब सोफ्यावर उशी पाठीशी घेऊन बसले होते, मनगटं बारीक झालेली. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर आमचा तक्ता. ते दर महिन्याला बघत होते.

"या न जी," ते म्हणाले. "मॅनेजर झाले म्हणे. बसा."

वहिनी चहा ठेवून आत गेल्या. मी ठरवून आलो होतो तसं काहीच बोलता आलं नाही. सरळ म्हणालो, "साहेब, ती चूक माझी होती. मला त्याच दिवशी कळली होती. दहा मिनिटांत."

"मले त्याच्याही आधी कळली होती," ते म्हणाले. "तुमच्याकडे आलो तेव्हा मी तुमची ती ओळ पाहूनच आलो होतो. बारा वर्षं काम केलं, एवढं वाचता येते मले."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चहात बिस्कीट बुडवलं, डॉक्टरनं मना केलेलं. "बोललो असतो त् तुमचा व्हिसा गेला असता. पोरगी लहान होती तुमची. म्हटलं, तुम्ही बोलाल. आज नाही त् उद्या. मग उद्याची वाट पाह्यची सवय झाली."

मी हातातला कप खाली ठेवला.

"रागही आला," ते म्हणाले. "असं समजू नका की नाही आला. लय आला. हिले विचारा, पौर्णिमेचं बोलावणं सोडलं त् एक वर्ष मी तुमचं नाव घेऊ देत नव्हतो घरात. आता त्याले जोर लागते, तेवढा उरला नाही. पण दुरुस्ती कुठं आहे?"

"काढतो, साहेब. आता माझ्याच हातात आहे."

"हेच म्हटलं होतं तुम्ही. चार वर्षांआधी." लॅपटॉप त्यांनी माझ्याकडे सरकवला. "इथं लिहा."

मी लिहायला बसलो. इंग्रजीत लिहिलं की अमुक महिन्यांच्या फाइलमध्ये तांत्रिक त्रुटीमुळे काही आकडे चुकीचे आले होते. त्यांनी वाचलं.

"तांत्रिक म्हणजे कोण?"

मी तो शब्द खोडला आणि माझं नाव लिहिलं, पूर्ण. मग लिहिलं की हे मला त्याच वेळी माहीत होतं. मग लिहिलं की श्री. गजभिये यांचा त्यात भाग नव्हता आणि चूक त्यांनीच शोधली होती. आकड्यांच्या ओळीशी मी थांबलो. खरा आकडा छापता येत नव्हता.

"लिहा," ते म्हणाले. "पाचांहून कमी. आणि पुढं लिहा, शून्य नाही."

प्रिंटरचा आवाज ऐकून वहिनी बाहेर आल्या, कागद उचलून उभ्यानंच वाचला, आणि माझ्याकडे न बघता साहेबांपुढे ठेवला. मी म्हणालो, सोमवारी वेबसाइटवर टाकतो, सगळ्यांना ईमेल जाईल.

"जाईल न. पण तिले ईमेलनं सांगणार का?" साहेब म्हणाले. "पत्र तिनं हातानं लिहिलं होतं."

अरोहा दहा मिनिटांवर राहत होती. मी निघालो तर साहेब उठायला लागले. वहिनी म्हणाल्या, कुठे चाललात, कालच डायलिसिस झालंय. ते म्हणाले, गाडीतच बसतो. वहिनींनी त्यांच्या अंगावर जाड जाकीट चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मला म्हणाल्या, "सीट गरम करा." त्या दिवशी कबुलीनंतर त्या माझ्याशी बोललेलं ते एकच वाक्य.

 घर टेकडीवर होतं, दाराशी जायला दहा-बारा पायऱ्या. मी गाडी लावली. साहेबांनी पट्टा सोडला नाही. "जा," म्हणाले. "मी आहे इथं."

अरोहानं दार उघडलं. खूप थकलेली दिसली. व्हॅन आता दुसरं कुणीतरी चालवायचं. तिनं मला ओळखलं. मी कागद वाचून दाखवला.  ती दाराला टेकून ऐकत होती. वाचून झालं तेव्हा मी सॉरी म्हणालो आणि वाट बघितली.

"पाच महिने," ती म्हणाली. "आणि मग चार वर्षं."

"हो."

"ते लेकरू आता शाळेत जातं," ती म्हणाली. तेवढंच. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून खाली गेली. "गाडीत कोण आहे?"

मी सांगितलं.

तिनं दार लोटून घेतलं नाही, पायांत काही घातलं नाही. कठडा धरत, एक एक पायरी, मोज्यांनीच खाली उतरली. मला वाटलं ती साहेबांच्या बाजूच्या खिडकीशी जाईल. ती गाडीला पुढून वळसा घालून ड्रायव्हरच्या दाराशी गेली, ते उघडलं, माझ्या जागेवर बसली आणि दार ओढून घेतलं.

मी वर पायरीवर उभा होतो. काचेतून दोघांची डोकी दिसत होती. बराच वेळ ती दोघंही समोर बघत होती, व्हॅनमध्ये बसल्यासारखी. मग ती बोलायला लागली. साहेब ऐकत होते. एकदा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, एकदा हो. तिनं डोळे पुसले असावेत, नक्की सांगता येत नाही, काचेवर आभाळ पडलं होतं. काय बोलणं झालं ते मला साहेबांनी नंतर सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर ते चौदा आठवडे होते. त्या चौदाही शनिवारी सकाळी व्हॅन निघायच्या वेळेला कुणीतरी, मी नव्हे, त्यांना स्टेशनवर नेऊन सोडत होतं, हे मला वहिनींकडून कळलं.

त्या दिवशी मात्र मी वारा खात तिथेच थांबलो. खाली जाऊन आपल्याच गाडीची काच वाजवायचा धीर झाला नाही. आत साहेब काहीतरी बोलले आणि अरोहा हसली, खांदे हलवून, मोठ्यानं. बंद काचेतून मला आवाज आला नाही. माझ्या बाजूला दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.